चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स? चाळिशीत हिशोब का बदलतो

मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे चाळीस वर्षांचं वय, आणि चाळिशी म्हणजे त्या वयात वाचायला लागणारा चष्मासुद्धा. हे दोन अर्थ एकाच शब्दात का आले, ते डोळ्याचं गणित बघितलं की लगेच कळतं.

विशी-तिशीत चष्मा की लेन्स हे आपण दिसणं, खेळ आणि खिसा बघून ठरवतो. चाळिशीनंतर मुख्य प्रश्न वेगळा होतो: तुम्ही दिवसभर किती अंतरावर बघता? तुम्ही अजून त्या वयाचे नसलात तरी घरात कोणीतरी फोन हात लांब करून वाचत असेलच. त्यामुळे हे आत्ताच समजून घेतलेलं बरं.

डोळ्याचा ऑटोफोकस

फोनच्या कॅमेऱ्यात फोकस करताना लेन्स किंचित पुढे-मागे सरकते. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग तसं सरकत नाही. जवळचं बघताना ते जास्त फुगीर होतं. वयानुसार हे भिंग कडक होत जातं आणि फुगायची ताकद कमी होते. हीच चाळिशी. ती फोनमुळे लागत नाही आणि फोन कमी वापरला म्हणून टळतही नाही.

ही ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. हिशोब सोपा आहे: १ भागिले मीटरमधलं अंतर. फोन ३३ सेंटिमीटरवर धरला तर साधारण ३ डायॉप्टर लागतात, ४० सेंटिमीटरवर २.५ आणि ६६ सेंटिमीटरवरच्या मॉनिटरला १.५.

आता आपल्याकडे शिल्लक किती? हॉफस्टेटरचं सूत्र सरासरी अंदाज देतं: १८.५ वजा (०.३ × वय). म्हणजे २८व्या वर्षी सुमारे १०, ४५व्या वर्षी ५ आणि ५५व्या वर्षी फक्त २. बॅटरी सतत शून्यापर्यंत नेत नाहीत, तसंच इथेही असतं. साधारण निम्मी ताकद राखीव राहिली तर डोळ्यांना आरामात काम करता येतं. ४५व्या वर्षी ५ची निम्मी २.५, म्हणजे अंतर ४० सेंटिमीटर. फोन नेमका त्याच्याही जवळ असतो, म्हणून हात लांब होतो.

मायनस नंबरवाल्यांची फुकट सोय

माझा नंबर मायनस ३ आहे. चष्मा काढला की मला ३३ सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. आज ही अडचण आहे, पण पन्नाशीत हीच सोय होईल: चष्मा काढला की फोन वाचता येईल, भिंगाला काहीच जोर न लावता. मायनस नंबरची मोठी माणसं पेपर वाचताना चष्मा कपाळावर का चढवतात, ते आता कळलं असेल.

कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ही सोय जाते, कारण मेसेज आला म्हणून लेन्स काढून ठेवता येत नाही. शिवाय आणखी एक बारकावा आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असते आणि या अंतरामुळे मायनस काच जवळचं बघताना थोडी मदत करते. मायनस ६ नंबरच्या माणसाला ४० सेंटिमीटरवर वाचताना चष्म्यातून साधारण २.२ डायॉप्टर ताकद लागते, लेन्समधून पूर्ण २.५. विशीत हा फरक जाणवत नाही. ४३व्या वर्षी चष्मा सोडून लेन्स घेतली, तर मात्र चाळिशी अचानक लागल्यासारखी वाटू शकते. प्लस नंबरवाल्यांचं याच्या उलट होतं, त्यांना लेन्समधून वाचणं थोडं सोपं जातं.

चाळिशीनंतरचे पर्याय

- प्रोग्रेसिव्ह चष्मा: वरच्या भागातून लांबचं, खालून जवळचं, मधल्या अरुंद पट्ट्यातून मॉनिटरच्या अंतराचं दिसतं. कडांना धूसर. जिना उतरताना पायरी खालच्या भागातून दिसते आणि धूसर होते, म्हणून मान वाकवून बघावं लागतं. माझे बाबा मॉनिटर बघताना हनुवटी वर करायचे आणि मग मान दुखायची. मॉनिटर खाली घेतल्यावर बराच फरक पडला. दिवसभर स्क्रीनवर काम असेल तर कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा चष्माही करून मिळतो.
- लांबच्या नंबरची लेन्स आणि वर वाचायचा चष्मा: साधं आणि खात्रीचं. पण चष्मा टाळायला लेन्स घेतली आणि खिशात पुन्हा चष्माच आला, असं होतं.
- मोनोव्हिजन: एका डोळ्यात लांबची लेन्स, दुसऱ्यात जवळची. मेंदू हवं ते चित्र निवडायला शिकतो. अंतराचा अंदाज मात्र थोडा कमी होतो. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आधी नीट चाचणी घ्यावी.
- मल्टिफोकल लेन्स: अनेक प्रकारांत एकाच लेन्समध्ये वर्तुळाकार पट्टे असतात. लांबचं आणि जवळचं चित्र एकदमच डोळ्यात शिरतं. दिवसा छान चालतं, मंद उजेडात कॉन्ट्रास्ट कमी पडतो, दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात.

वयानुसार अश्रूही कमी होतात, बायकांमध्ये पाळी थांबल्यावर विशेष. त्यात स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात. म्हणून वीस वर्षं बिनतक्रार चाललेली लेन्स पन्नाशीत दुपारनंतर टोचू शकते.

फोन किती मदत करतो?

अक्षरं मोठी केली तर धूसर असूनही वाचता येतात, पण फोकस सुधारत नाही. भरपूर उजेडाने जास्त फरक पडतो, कारण बाहुली लहान होते आणि कॅमेऱ्याचं छिद्र लहान केल्यासारखं जवळ-लांबचं जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून उन्हात वाचता येणारं मेनूकार्ड रात्री हॉटेलात वाचता येत नाही. आईबाबांच्या फोनचा फॉन्ट जरूर वाढवा, पण तो चष्म्याला पर्याय समजू नका. यूपीआयच्या रकमेत एक शून्य कमी-जास्त वाचलं गेलं तर चष्म्यापेक्षा महाग पडेल.

मग ठरवायचं कसं?

आधी एक दिवस टेप घेऊन फोन, मॉनिटर आणि पुस्तक तुम्ही किती अंतरावर ठेवता ते मोजा. हे आकडे आणि रात्री गाडी चालवता का, ही माहिती तपासणीच्या वेळी सांगा. नुसतं ‘वाचायचा नंबर द्या’ म्हणण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

कोणत्याही वयात लेन्स वापरत असाल, तर तिला नळाचं पाणी लावायचं नाही. त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याच्या संसर्गाने नजर जाऊ शकते. लेन्स घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही. डोळा लाल होऊन दुखला तर लेन्स लगेच काढून डॉक्टर गाठायचा. त्या दिवशी घालायला चालू नंबरचा एक चष्मा घरात हवाच.

आणि आईबाबा रस्त्यावरून तयार चाळिशी घेत असतील तर त्यांना एकदा नेत्रतज्ज्ञाकडे न्या. वाचायची सोय दीडशे रुपयांतही होईल, पण काचबिंदू सुरुवातीला सहसा काहीच त्रास देत नाही. तो डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासल्यावरच सापडतो, आणि त्याने गेलेली नजर कुठल्याच चष्म्याने किंवा लेन्सने परत येत नाही.