भिशीतला भरवसा आणि फोनवरची उधारी

वंदना आटोपून मंडळी विहाराच्या पायरीवर टेकली की बोलणे पैशापाण्यावर येतेच. कुणाच्या मुलीची फी, कुणाचे आजारपण, कुणाला निवृत्तीनंतर मिळालेला फंड. अलीकडे आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : फोनवरून अनोळखी माणसांना व्याजाने पैसे देता येतात म्हणे, बँकेपेक्षा जास्त सुटतात; द्यावेत का?

या पद्धतीला 'पी-टू-पी' म्हणतात. माणसाने माणसाला दिलेले कर्ज, एवढाच त्याचा अर्थ. मधली कंपनी स्वतःचा पैसा देत नाही. देणाऱ्याची व घेणाऱ्याची गाठ घालून देते आणि त्याबद्दल शुल्क घेते.

कल्पना आपल्याला नवी नाही. वीस जणी दरमहा पाचशे रुपये काढतात, जिची चिठ्ठी निघेल तिला दहा हजार मिळतात. जिला पहिली भिशी लागते ती खरे तर कर्ज घेते. जिला शेवटची लागते तिची बचत होते. खुद्द बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये एवढ्या बळावर. विश्वासाने दिलेले कर्ज माणूस उभा करू शकते.

पण तो विश्वास ओळखीचा होता. भिशीचा हप्ता चुकवणारीला उद्या त्याच नळावर यायचे असते. फोनवरचा ऋणको कोण, कुठला, हे आपल्याला प्रत्यक्ष ठाऊक नसते.

म्हणून २०१७ साली रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांना नियम लावले. नोंदणी सक्तीची झाली. एका व्यक्तीने एकाच ऋणकोला पन्नास हजारांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. कर्जाची मुदत छत्तीस महिन्यांहून जास्त नाही. रोख व्यवहार बंद. तरीही काही कंपन्या 'ठरलेला परतावा, हवे तेव्हा पैसे परत' असे सांगू लागल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने असे सांगण्यास मनाई केली आणि बजावले की, कर्ज बुडाले तर नुकसान देणाऱ्याचेच. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो. इथे तसा विमा नाही.

हिशेब करून पाहू. पन्नास जणांना हजार-हजार रुपये वर्षासाठी बारा टक्क्यांनी दिले. सर्वांनी फेडले तर छप्पन हजार होतील. पण सहा जणांनी एक पैसाही दिला नाही, तर उरलेल्या चव्वेचाळीस जणांकडून ४९,२८० रुपये येतील. म्हणजे व्याज सोडाच, मुद्दलही कमी झाले. कंपनीचे शुल्क वेगळेच.

घेणाऱ्यांनीही जपावे. नुसता महिन्याचा हप्ता न पाहता शुल्कासह वर्षाचे एकूण किती पडते ते विचारावे. हप्ता थकला तर त्याची नोंद होते आणि पुढे बँकेचे कर्ज अवघड होते. कंपनीचे नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे की नाही, हे शिकलेल्या मुला-मुलीकडून तपासून घ्यावे. जे अॅप तुमच्या फोनमधील नातेवाइकांचे नंबर मागते, त्याच्या वाटेला जाऊ नये.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत ऋणमुक्त असण्याचे सुखही त्यांनी गणले आहे.

आमचे सांगणे एवढेच. फंडाचा पैसा हा तो चौथा भाग आहे. पस्तीस वर्षे पाळी केल्यावर तो हाती येतो. तो बँकेत, पोस्टात असू द्या. बुडाली तरी घरातली चूल पेटायची थांबणार नाही, एवढीच रक्कम फार तर या वाटेने जाऊ द्यावी. आणि निर्णय घरच्या बाईला विचारून घ्यावा. भिशीचा हिशेब तिनेच आजवर चोख ठेवला आहे.

जयभीम!