रावस आणि संथ होडी

अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या मोठ्या मासळीच्या दुकानांत आपण गेलां, तर कांचेआड बर्फावर दोन माशांच्या तुकड्या शेजारीं शेजारीं मांडलेल्या दिसतील. एकाच्या तुकड्या नारिंगी, तर दुसऱ्याच्या पांढऱ्या, किंचित् गुलाबी झांक असलेल्या. पहिल्यावर पाटी असते ‘सॅमन’ अशी, आणि दुसऱ्यावर ‘इंडियन सॅमन’ अशी. नवख्या गिऱ्हाइकाचा सहजच असा समज होतो कीं, हे दोघे भाऊबंद असून एक थंड देशांत वाढला व दुसरा आपल्याकडे. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात तो आपला रावस. सॅमनशीं त्याचें दूरचेंहि नातें नाहीं. येथें राहणाऱ्या इंग्रज मंडळींना घरच्या माशाची आठवण होई, आणि चवीला बरा, अंगानें रुपेरी व गळाला लागल्यावर झुंज देणारा असा मासा दिसला कीं त्याला ते आपल्याकडचें नांव देऊन टाकीत. नांव राहिलें, नाव देणारे गेले.

खऱ्या सॅमनचें चरित्र निराळें आहे. तो गोड्या पाण्याच्या नदींत जन्मतो, समुद्रांत जाऊन वाढतो, आणि अंडीं घालण्यासाठीं पुनः जन्मनदीचा वास हुंगीत माघारीं येतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅम्बेल नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणीं या परतणाऱ्या माशांना धरण्याची एक मोठी मौजेची परंपरा आहे. तेथें १९२४ सालीं ‘टायी क्लब’ नांवाची एक मंडळी स्थापन झाली. तिचा नियम असा कीं, होडी वल्ह्यांचीच हवी. यंत्र लावून मासा धरला तर तो मोजला जात नाहीं. दोरा बारीक, गळ एकच व तोहि बिनकाट्याचा, आणि मासा तीस पौंडांहून कमी वजनाचा नसावा. एक माणूस संथपणें वल्हीं मारीत होडी प्रवाहांत जवळ जवळ जागच्या जागीं ठेवतो, आणि दुसरा दोरा धरून बसतो. पहांटे व संध्याकाळीं, भरती-ओहोटीच्या सांध्यावर, तासन्‌तास हा उद्योग चालतो. हें ऐकून आपणांस वाटेल कीं, रिकामपणाचे हे खेळ श्रीमंत देशांतच शोभतात. परंतु अगदीं याच रीतीनें, आणि खेळ म्हणून नव्हे तर पोटासाठीं, आपल्या साष्टी बेटाच्या काठालाहि मासे धरले जात आले आहेत. त्याविषयींच आज मी बोलणार आहे.

प्रथम रावसाची ओळख करून घेऊं. शास्त्रज्ञांनीं त्याला जें नांव दिलें आहे त्याचा अर्थ ‘चार बोटांचा’ असा होतो. बाजारांतला अख्खा रावस हातीं घेऊन त्याच्या गळ्याखालीं पाहावें. कल्ल्यामागच्या पराच्या खालीं चार सुटे, लांब तंतु लोंबतांना दिसतील. हीच त्याचीं बोटें. तोंड पुढें नसून किंचित् खालच्या अंगाला असतें, आणि नाकाड त्याच्याहि पुढें आलेलें. डोळ्यावर चरबीचा एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्यामुळें मासा नुकताच मेलेला असला तरी त्याचे डोळे धुकट वाटतात. तेव्हां रावस घेतांना डोळ्यावर फार भिस्त न ठेवतां कल्ले उघडून लाल आहेत कीं नाहींत तें पाहावें, हें गृहिणींना सांगावयास हवें असें नाहीं.

डोळे असे, आणि राहण्याची जागाहि तशीच. रावसाला खोल निळा समुद्र मानवत नाहीं. चिखलाचें, गढूळ, उथळ पाणी आणि खाडीचें मुख हें त्याचें खरें वतन. मढ आणि वेसावें यांच्यामध्यें मालाडची खाडी समुद्राला मिळते. तेथून उत्तरेला मार्वे, मनोरी व गोराई यांच्या बाजूला दुसरी खाडी आहे. दोन्हीकडे तळ चिखलाचा, काठाला तिवरांचीं रानें, आणि त्या तिवरांच्या मुळांशीं कोळंबीचीं व बोयटांचीं पिलें. रावसाचें अन्न तेंच. अशा पाण्यांत हातभर अंतरावरचें दिसत नाहीं; म्हणून तो त्या चार बोटांनीं तळ चांचपीत चालतो. पुढें सांगणार आहें त्या सर्व युक्तीचें मूळ येथें आहे. जो मासा स्पर्शानें भक्ष्य शोधतो त्याच्यापुढून आमिष वेगानें ओढलें तर त्याला तें कळतच नाहीं. त्याच्यापाशीं आमिष सावकाश गेलें पाहिजे, आणि तेंहि तळाला धरून.

वेसाव्याच्या एका वयोवृद्ध कोळ्याच्या होडींतून अशा एका फेरीला जाण्याचा योग मला आला. गांवांत त्यांना सारे नाखवा म्हणतात, म्हणून मीहि तसेंच म्हणत असें. त्यांच्या मुलांची यंत्राची मोठी नौका आहे. ती आठवडा आठवडा दूर समुद्रांत असते. म्हातारबोवांनीं मात्र आपलें लहान होडकें सोडलेलें नाहीं.

दिवस कोणता धरावा हें त्यांनींच ठरविलें, आणि तें घड्याळावरून नव्हे तर पंचांगावरून. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आंकड्याला पाऊणानें गुणावें, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजतां पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजतां. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटें. म्हणून पंधरवड्याच्या शेवटीं हा हिशेब तासाभरानें चुकतो, हें मीं मोठ्या शहाणपणानें नाखवांच्या नजरेस आणून दिलें. ते म्हणाले, “चुकंना का. त्या दिसांत आमी जात नाय.”

उत्तर थट्टेचें वाटलें तरी त्यांत मर्म होतें. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटींतला फरक पांच मीटरच्या घरांत जातो, आणि एवढें पाणी सहा तासांत खाडींतून आंत-बाहेर करतें तेव्हां त्याचा ओढ भयंकर असतो. डोल जाळ्याला तो ओढ हवा असतो. कारण तें पिशवीसारखें जाळें खांबांना बांधून प्रवाहाकडे तोंड करून ठेवतात, आणि पाणीच मासळी आणून त्यांत भरतें. दोऱ्याच्या मासेमारीला तो ओढ मारक. शिसें तळाला टेकत नाहीं, आमिष वर उचललें जातें, होडी आवरत नाहीं. उलट अष्टमी-नवमीनंतर भांग लागतो. तेव्हां पाणी इतकें मंद कीं, कोळंबी जागची हलत नाहीं आणि तिच्या मागावरचा रावसहि नाहीं. म्हणून या दोहोंच्या मधला दिवस धरावयाचा. आम्हीं धरली ती वद्य षष्ठी. भरती पहांटे साडेचारला.

पांच वाजतां, पाणी नुकतें उतरूं लागलें तेव्हां, आम्ही खाडीच्या मुखाशीं होतों. थंडीचे दिवस होते. एका बाजूला वेसाव्याचे दिवे, दुसऱ्या बाजूला मढचा काळोख. सामान अगदीं थोडें. लांकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. पूर्वीं येथें सुताची पिळलेली दोरी असे. टोंकाला एक गळ, त्याच्या वर दोन हातांवर बोटाएवढें शिसें. ओल्या गोणपाटाखालीं डब्यांत जिवंत कोळंबी. कोळंबी गळाला शेपटीकडून लावावयाची, पाठीच्या शिरेला धक्का न लावतां. ती पाय हलवीत राहिली पाहिजे.

मला वाटलें होतें कीं, नांगर टाकून बसावयाचें. पण नांगराचें नांव नाहीं. नाखवांनीं होडी ओहोटीबरोबर आडवी सोडून दिली आणि एका हातानें वल्हें पाण्यांत नुसतें धरून ठेवलें. होडीचा वेग पाण्याहून किंचित् कमी राहील एवढाच त्या वल्ह्याचा उपयोग. त्यामुळें दोरा नेहमीं थोडा पुढें, उतारावर राहतो, शिसें तळावर ठेंचाळत जातें, आणि कोळंबी, ओहोटीबरोबर खाडींतून बाहेर निघालेल्या हजारों कोळंब्यांसारखीच, सावकाश समुद्राकडे चालते. पाव मैल गेल्यावर वल्हीं मारून पुनः वर यावयाचें आणि पुनः सोडावयाचें. कॅम्बेल नदीवरील तो मनुष्य प्रवाहाविरुद्ध वल्हवीत होडी स्थिर ठेवतो, नाखवा प्रवाहाला होडी देऊन वल्ह्यानें लगाम धरतात; परंतु दोघांचाहि प्रयत्न आमिषाला माशाच्या पावलानें चालविण्याचाच.

दोरा मुठींत धरूं नका, बोटावर ठेवा, असें त्यांनीं मला दोनदां बजावलें. तर्जनीवर दोरा पडला कीं तळ कळूं लागतो, ही गोष्ट मला खरोखरीच नवी होती. मऊ चिखल असला तर कांहींच लागत नाहीं. शिंपल्यांचा थर आला कीं बारीक करकर लागते. जुन्या खांबाचा बुंधा आला कीं ठेंच लागते. आणि मग, तिसऱ्या खेपेला, यांपैकीं कोणतीहि नव्हे अशी एक हालचाल लागली: कोणीतरी दारावर बोट फिरवावें, ठोठावूं नये, तशी. मीं लगेच हिसका दिला. दोरा हलका झाला. कोळंबी अर्धी तुटून आली.

नाखवा रागावले नाहींत. “तो हात लावून बघत व्हता, मास्तर. तोंडात घेऊ द्यायचा.” रावस प्रथम बोटांनीं चांचपतो, मग पुढें सरकून खालच्या तोंडानें उचलतो. या दोहोंमध्यें दोन-चार श्वासांचें अंतर असतें, आणि तेवढ्यांत बोटावरून हातभर दोरा आपण होऊन सोडावा लागतो. मासा चालूं लागला, दोरा ताठ झाला, कीं मग ओढावयाचें, तेंहि हिसका न देतां. हें मला त्या दिवशीं अखेरपर्यंत साधलें नाहीं. दोरा सोडण्याऐवजीं मीं आवळला, आणि तर्जनीवर त्याची रेघ आठ दिवस राहिली.

सकाळीं नऊपर्यंत नाखवांनीं दोन रावस घेतले. पहिला जेमतेम वीतभर. त्यांनीं तो ओल्या हातानें धरून गळ काढला आणि पाण्यांत सोडला. “पोर हाय. अजून आय झाली नाय.” दुसरा मात्र हातभर लांब, रुपेरी, पिंवळसर परांचा, होडींत आल्यावर त्यानें शेपटीनें फळीवर नगारा वाजविला.

येथें मला त्यांना एक गोष्ट सांगाविशी वाटली, आणि मीं ती सांगितली. तो लहान मासा पोर होता हें खरें, पण पोरगी नव्हता. रावस बहुधा नर म्हणूनच वयांत येतो. पहिलीं एक-दोन वर्षें तो नर असतो, आणि पुढें त्याच देहांत पालट होऊन तो मादी बनतो. ऑस्ट्रेलियांतील अभ्यासकांनीं ही गोष्ट बारकाईनें तपासली आहे. कोणत्या लांबीला हा पालट होतो तें ठिकाणागणिक बदलतें. याचा अर्थ असा कीं, बाजारांत जो मोठा रावस आपण मानानें विकत घेतों तो बहुधा मादी असतो, आणि जो लहान, स्वस्त म्हणून घेतों त्याला मादी होण्याची संधीच मिळालेली नसते. इतर पुष्कळ माशांत लहान पिलें वांचविलीं कीं काम भागतें. रावसाच्या बाबतींत वरचें टोंक तोडलें तरी तोटा आणि खालचें तोडलें तरी तोटा.

नाखवा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं होडींतल्या मोठ्या माशाकडे पाहून विचारलें, “म्हंजे ही आय?” मीं मान डोलावली. “मंग मी सोडला तो आयचा नवरा?” दोघेहि हंसलों, परंतु पुढचा प्रश्न त्यांनीं विचारला तो हंसण्यासारखा नव्हता. लहान सोडायचा, मोठा सोडायचा, तर कोळ्यानें घ्यायचें काय?

याला माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें चोपन्न जातींच्या माशांसाठीं पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षीं पापलेटला राज्यमासा करण्यांत आलें. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना समुद्र बंद असतो. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु किमान आकाराचा नियम खालचें टोंक राखतो, वरच्या टोंकाविषयीं बोलत नाहीं. शिवाय डोल जाळ्याच्या शेवटच्या बारीक आंसांत जवळा व बोंबील यांच्याबरोबर रावसाचें बोटभर पिलूं आलें, तर तें वर येईपर्यंत मेलेलें असतें. त्याला नियम वाचून दाखवून उपयोग काय? गळावरच्या माशाचें तसें नसतें. तो जिवंत वर येतो, आणि ठेवावा कीं सोडावा हा निवाडा करण्यास मनुष्याला क्षणभर सवड मिळते. सगळी मुंबई गळावर पोसली जाईल असें मीं म्हणत नाहीं. तसें म्हणणें वेडेपणाचें होईल. एका सकाळचे दोन मासे हा कांहीं शहराचा पुरवठा नव्हे, आणि नाखवांच्या मुलांची नौका त्यांच्या होडक्याला सांभाळते, होडकें नौकेला नाहीं, हें ते स्वतःच सांगतात.

त्यांना जास्त टोंचतें तें दुसरेंच. मालाडच्या खाडींत शहराचें सांडपाणी उतरतें. ओहोटीच्या शेवटीं होडी परतत असतां पाण्याचा रंग बदलला, वास आला, आणि दोऱ्यावर प्लास्टिकच्या पिशव्या येऊं लागल्या. त्यांनीं दोरा गुंडाळून ठेवला. त्यांच्या तरुणपणीं याच खाडींत आणखी पुष्कळ आंत, तिवरांच्या कडेकडेनें, रावस लागत असे. आतां मुखाच्या आंत ते दोरा टाकीतच नाहींत. ज्या पाण्यांत पिलांनीं कोळंबी खाऊन वाढावयाचें तेंच असें झालें, तर मोठा सोडावा कीं लहान, हा आमचा वाद पुढें कोणत्या माशावरून घालावयाचा?

धक्क्यावर कोळणी टोपल्या घेऊन उभ्या होत्या. नाखवांच्या सूनबाईंनीं तो मोठा मासा हातांत तोलला आणि मला भाव सांगितला. मीं घासाघीस केली नाहीं. ज्याच्यासाठीं बोट कापून घेतलें त्याची किंमत करणें बरें दिसलें नसतें. घरीं त्याच्या तुकड्या कांहीं तळल्या, कांहीं कालवणांत गेल्या. पोटांत अंडीं होतीं.

निघतांना मीं नाखवांना विचारलें, पुनः केव्हां येऊं? त्यांनीं बोटांवर मोजलें. पुढें भांग लागेल, मग अमावास्येचें उधाण. “सुद चतुर्थीला या. तीनची भरती. आनि मास्तर, बोटाला पट्टी बांधून या.”