ऊन पाणी, गोडे पाणी, चवदार तळे

महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तिथल्या कुंडांत जमिनीतूनच तापलेले पाणी येते. अशा पाण्याला मराठीत जुना शब्द आहे: ऊन. मूळ संस्कृत 'उष्ण'. हाच शब्द नाम झाला की अंगणात पडतो, विशेषण झाला की पाण्याला चिकटतो. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीतले उन्हवरे या गरम झऱ्यांच्या गावांच्या नावांतही तोच ऐकू येतो.

आता एक साधी कसोटी लावू. भात पुल्लिंगी, भाकरी स्त्रीलिंगी, पाणी नपुंसकलिंगी. ऊन भात, ऊन भाकरी, ऊन पाणी: विशेषण जागचे हलत नाही. गरम, कढत, कोमट, गार, थंड यांचेही तसेच. पण शिळा घ्या: शिळा भात, शिळी भाकरी, शिळे पाणी. विभक्ती लागली की लिंगाचा भेद मिटतो: शिळ्या भाताला, शिळ्या भाकरीला, शिळ्या पाण्याला.

शाळेच्या व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद हे विकारी शब्द. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 सालचे, मोरो केशव दामल्यांचे 1911 सालचे; तेव्हापासून पिढ्यानपिढ्या हा विषय आपण घोकत आलो. तरी विशेषणांतली कितीतरी नामापुढे मुळीच बदलत नाहीत. हा दुजाभाव का?

उत्तर शब्दाच्या शेवटात आहे. संस्कृतात 'काल' म्हणजे काळा; त्याला 'क' जोडून 'कालक' असेही रूप होई. प्राकृतात तो 'क' झिजला, मागेपुढचे स्वर एक झाले आणि शेवटी 'आ' उरला: काळा. त्या 'आ'मुळे लिंग दाखवायला जागा राहिली. 'उष्ण'ला असे शेपूट नव्हते. त्याचा शेवटचा स्वर गळाला, 'ऊन' उरले आणि बदलायला काही राहिलेच नाही. पुढे बाहेरून आलेल्या शब्दांनाही बहुधा हाच न्याय लागला. फारसी 'ताजा' आकारान्त म्हणून ताजी भाकरी, ताजे पाणी. इंग्रजी 'फ्रेश' मात्र तिघांपुढे फ्रेशच. 'जादा'सारखा एखादा हट्टी अपवाद सोडायचा.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. वाटेत कुठेतरी गोडे पाणी खारे होते. इथे भाषेची खरी गंमत आहे. 'गोड' अविकारी, 'गोडा' विकारी, आणि दोन्ही नांदतात. गोड पाणी म्हणजे साखर घातलेले. गोडे पाणी म्हणजे खारे नसलेले. गोडे तेल गोड लागत नाही, गोडा मसाला गुळासारखा नसतो. 'गोड' जिभेची चव सांगतो, 'गोडा' वस्तूची जात. एका 'आ'ने अर्थाची वाटणी केली आहे.

महाडातले सर्वांत प्रसिद्ध विशेषण अर्थात 'चवदार'. मराठी 'चव', फारसी 'दार'. जोरदार, दमदार यांच्याच घरातले, म्हणून अविकारी. पाण्याचा गुण सांगणारा शब्द तळ्याचे नाव होऊन बसला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हापासून 'चवदार' म्हटले की चवीआधी हक्क आठवतो.

सगळ्याच भाषांत विशेषणांचा असा सुकाळ नसतो. 1977 साली भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी दाखवले की काही भाषांत ती बोटांवर मोजण्याइतकी असतात. नायजेरियातल्या इग्बोत आठच: मोठा-लहान, काळा-पांढरा, नवा-जुना, चांगला-वाईट. बाकीचे गुण नामे आणि क्रियापदे सांभाळतात. हे आठ मराठीत आमच्या कसोटीला लावा. सहा वाकतात, लहान आणि वाईट ताठ राहतात. म्हणजे अर्थ कितीही मूलभूत असो, वाकायचे की नाही हे शेवटचे अक्षरच ठरवते.

महाड-पोलादपूरकडच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विहिरीच्या, नदीच्या, खाडीच्या, कुंडाच्या पाण्याला ती काय काय म्हणतात. मिळालेला शब्द नुसता टिपू नका; त्याच्यापुढे भात, भाकरी आणि पाणी लिहून ठेवा.