शिक्रा : प्रदेश आणि उपजाती

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शिक्रा हा आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या जातीचा शिकारी पक्षी होय. तिच्या सहा उपजाती मानतात : आफ्रिकेत दोन, आशियात चार. येथील पक्षी ‘दुसुमिएरी’ उपजातीचे. दक्षिण भारत व श्रीलंकेतील पक्षी त्यांहून गडद, तर मध्य आशियातील फिकट असतात. बोलींप्रमाणेच येथेही लक्षणे क्रमाक्रमाने पालटतात. सीमारेषा ठामपणे आखता येत नाही. आफ्रिकी पक्षी ही स्वतंत्र जाती मानावी काय, हा प्रश्न मात्र अनिर्णित आहे. तसे ठरल्यास जुने शास्त्रीय नाव आशियाई पक्ष्यांकडेच राहील. कारण १७८८ मध्ये ग्मेलिनने ते श्रीलंकेतील पक्ष्याला दिले होते.