प्रवाळांचा शेजार

प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे रीफ टँकमध्ये, दिवसा सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं दिसतं. खरा प्रकार दिवे मालवल्यानंतर तासाभराने कळतो. लाल उजेडाची बॅटरी घेऊन गॅलेक्सिया या प्रवाळाच्या गड्ड्याकडे पाहावं. दिवसा जिथे आखूड, हिरवट चांदण्या दिसत होत्या, तिथून आता जवळजवळ पारदर्शक धागे बाहेर आलेले असतात. टोकाला पांढरा ठिपका, लांबी वीतभर, कधी त्याहूनही जास्त. प्रवाहाबरोबर ते फिरत राहतात आणि ज्याला लागतील त्याला डसतात. सकाळी शेजारच्या प्रवाळावर पांढरा चट्टा उमटलेला असतो, आणि मालक पाण्यात काय बिघडलं ते तपासत बसतो. पाण्यात बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. जागा चुकलेली असते.

प्रवाळांची आणखी एक तऱ्हा आहे. शेजारी फार जवळ आला, तर काही जाती पोटातले पाचक तंतू तोंडावाटे किंवा थेट शरीराच्या भिंतीतून बाहेर काढतात, शेजाऱ्यावर पसरतात आणि त्याला जागच्या जागी पचवतात. ज्युडिथ लँग या संशोधिकेने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकातल्या प्रवाळांवर काम करताना हे नीट दाखवून दिलं. स्कोलिमिया या प्रवाळाचे दोन नमुने एकाच जातीचे समजले जात होते. शेजारी ठेवल्यावर मात्र एकाने दुसऱ्याला खायला घेतलं, आणि जाती दोन आहेत हे त्यातून उघड झालं. आपलं कोण आणि परकं कोण हे प्रवाळाला बरोबर कळतं.

मऊ प्रवाळांना दगडी सांगाडा नाही, पण म्हणून त्यांना गरीब समजू नये. सार्कोफायटन आणि सिन्युलारिया, ज्यांना हौशी लोक ‘लेदर’ म्हणतात, ते टर्पीन वर्गातली रसायनं पाण्यात सोडतात. समुद्रात ती वाहून जातात. तीनशे लिटरच्या टाकीत तेच पाणी फिरून फिरून सगळ्यांच्या अंगावरून जातं, आणि दोन फुटांवरच्या ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाची वाढ खुंटते. म्हणून मऊ आणि दगडी प्रवाळ एकत्र असलेल्या मिश्र टाकीत ॲक्टिव्हेटेड कार्बन हवाच. एकदम भरपूर घालून विसरून जाण्यापेक्षा थोडा घालावा आणि दर तीन-चार आठवड्यांनी बदलावा.

आता मांडणी. हौशी लोक तीन ढोबळ गट करतात: मऊ प्रवाळ, मोठ्या पॉलिपचे दगडी म्हणजे एलपीएस, आणि लहान पॉलिपचे दगडी म्हणजे एसपीएस. ही विभागणी जीवशास्त्राची नाही, सांभाळण्याच्या सोयीची आहे. पाणी तिघांना एकच मिळणार, तेव्हा मधला मार्ग काढावा लागतो. क्षारता हजारी 35, तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी 8 डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम 420 पीपीएम. नायट्रेट शून्यावर आणायच्या नादी लागू नये. 5 ते 10 पीपीएम सगळ्यांना चालतं. माझ्या मते आकडा अचूक असण्यापेक्षा तो रोज तोच असणं महत्त्वाचं. अल्कलिनिटी एका दिवसात दोन अंशांनी हलली, तर लेदर फारसं मनावर घेत नाही, ॲक्रोपोराची टोकं मात्र करपतात.

पाणी एक असलं तरी उजेड आणि प्रवाह जागोजागी वेगळे मिळतात, आणि मिश्र टाकी जमते ती त्यामुळेच. वनस्पतींना आणि प्रवाळांमधल्या शैवालांना उपयोगी पडणारा उजेड ‘पार’मध्ये मोजतात. खडकाच्या माथ्यावर 250 ते 350 पार आणि उलटसुलट जोरदार प्रवाह, ती ॲक्रोपोरासारख्या एसपीएसची जागा. मधल्या टप्प्यावर, शंभर-दीडशे पारमध्ये, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे एलपीएस. त्यांचे संस्पर्शक नुसते डुलतील इतपतच प्रवाह. तळाशी सावलीत मश्रूम प्रवाळ. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना खेटून सहसा नांदतात. त्यांच्याच नात्यातला टॉर्च मात्र दोघांनाही डसतो, त्याला वेगळा खडक द्यावा.

बाकी दगडी प्रवाळांमध्ये निदान वीतभर अंतर ठेवावं, गॅलेक्सियाभोवती त्याहून जास्त. डसणारे धागे प्रवाहाच्या दिशेने लांबतात, म्हणून असल्या जाती प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, म्हणजे वेव्हमेकरच्या, समोर नव्हे तर प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला बसवाव्यात, म्हणजे त्यांच्या पुढे नुसती काच उरते. ग्रीन स्टार पॉलिप कुणाला डसत नाही, पण चटईसारखा सगळ्यांवर चढतो. त्याला वाळूने वेढलेला एकटा दगड पुरे. आणि अंतर मोजायचं ते आजच्या तुकड्यापासून नाही, दोन वर्षांनंतरच्या गड्ड्यापासून. दुकानातून आणलेला दोन इंची तुकडा टाकीत हरवल्यासारखा दिसतो, म्हणून माणूस शेजारी आणखी चार लावतो. तिथेच पुढची भांडणं पेरली जातात.

हा छंद फोफावला तो अमेरिका-युरोपात, आणि तिथे विकले जाणारे पुष्कळ तुकडे टाकीत किंवा समुद्रातल्या शेतीत वाढवलेले असतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरून एक तुकडा उचलणं हाही गुन्हाच.

मांडणी कितीही चांगली असो, फांद्या भिडायच्या तेव्हा भिडतातच. मग कातर घ्यायची. ॲक्रोपोराची फांदी हाड कापायच्या कटरने तोडून जेल सुपरग्लूने सिरॅमिकच्या प्लगवर चिकटवली की झालं. लेदर मात्र टाकीबाहेर, वेगळ्या भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात कापावं. त्याचा चीक टाकीत जाता कामा नये, आणि त्या दिवशी कार्बन नवा घालावा. झोआंथिड गटातले पॉलिप कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण त्यांतल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. झोआंथिड चिकटलेला दगड साफ करायला म्हणून उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये. वाफेतून घरातली माणसं इस्पितळात पोचल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.