चौकटींत न मावलेलीं माणसें

आमच्या थोरल्या अण्णांचें सहस्रचंद्रदर्शन ठरलें, तेव्हां घरांतील तरुण मंडळींनीं एक बेत केला. जळगांवच्या मंगल कार्यालयांत होमहवन आटोपून पानें मांडलीं जाईपर्यंत जो वेळ मोकळा सांपडतो, त्या वेळांत अण्णांच्या आयुष्यांतील जुने फोटो एकामागून एक पडद्यावर दाखवावयाचे, मागें सनईचे सूर ठेवावयाचे, आणि पंधरा मिनिटांत ८० वर्षें डोळ्यांपुढून न्यावयाचीं! हल्लीं अशी चित्रफीत मुंजींत, लग्नांत, सेवानिवृत्तीच्या समारंभांत सर्रास दाखविली जाते. बेत सर्वांस पसंत पडला. फोटो जमविण्याचें काम माझ्याकडे आलें. कारण निवृत्त शिक्षकाला वेळच वेळ असतो, अशी आमच्या घरांत सर्वांची दृढ समजूत आहे.

धुळ्याच्या जुन्या वाड्यांतील माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तींतला सर्वांत मोलाचा फोटो १९५२ सालचा, अण्णांच्या मुंजीचा. अंगणांत जाजम अंथरलेलें. मध्यें बटु अण्णा, पुढ्यांत पळीपंचपात्र. दोन्ही बाजूंस लहान मुलें. त्यांच्या मागें खुर्च्यांवर वडील माणसें. त्यांच्या मागें घरांतील सुवासिनी. आणि या सर्वांच्या मागें, ओसरीच्या पायरीवर, दाराच्या चौकटींत, डोक्यावरून आलवण घेतलेली एक कृश स्त्री उभी आहे. ती आमची आत्या. नवव्या वर्षीं लग्न, बाराव्या वर्षीं वैधव्य, आणि पुढचें सारें आयुष्य भावांच्या घरांत. अण्णांची आई ते दोन वर्षांचे असतां गेली. त्यांना न्हाऊंमाखूं घातलें, आजारपणांत उशाशीं रात्री काढल्या, पहिलें अक्षर गिरवून घेतलें तें या आत्यानें. परंतु मंगल कार्यांत तिनें पुढें यावयाचें नाहीं, असा त्या काळचा दंडक. म्हणून ज्याला आपण वाढविलें त्याच्याच मुंजींत ती दाराशीं उभी राहिली. तिचा दुसरा फोटो कोठेंहि नाहीं.

समारंभाच्या आठ दिवस आधीं अण्णांच्या नातवानें घरच्या घरीं रंगीत तालीम घेतली. मुलगा हुशार, काम त्यानें झपाट्यानें उरकलें होतें. भिंतीवर चित्रें उमटूं लागलीं. मुंजीचा फोटो आला, भिंतभर पसरला, आणि गेला. अण्णांनीं हात वर करून तो पुन्हां दाखवावयास सांगितलें. चष्मा पुसून ते बराच वेळ पाहात राहिले व म्हणाले, “अरे, आत्या कुठें गेली?”

खरोखरच ती तेथें नव्हती. नातू ओशाळून म्हणाला, “आजोबा, फोटो पडद्याच्या मानानें उंच होता. पडदा भरून दिसावा म्हणून मशीननें वरून आणि खालून थोडासा कापला.”

अण्णा रागावले नाहींत. थोड्या वेळानें इतकेंच म्हणाले, “तेव्हां तिला पुढें येऊं दिलें नाहीं, आतां मागेंहि राहूं दिलें नाहीं.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. सकाळीं पाटी-पेन्सिलीऐवजीं वही घेऊन नातवाशेजारीं बसलों, आणि हा ‘थोडासा’ म्हणजे नक्की किती, याचें त्रैराशिक आम्हीं मांडलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशी चित्रफीत होईल. म्हणून तें येथें देतों.

आमचा फोटो ८ इंच रुंद व ६ इंच उंच, म्हणजे ४ ला ३ या प्रमाणाचा. हल्लींचे दूरचित्रवाणीचे पडदे १६ ला ९ या प्रमाणाचे असतात. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचें बनतें, त्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमींच्या चित्रफितींत असे १,९२० ठिपके आडवे व १,०८० उभे मावतात. आमच्या फोटोची रुंदी १,९२० केली, तर त्याच प्रमाणानें उंची १,४४० होते. पडद्यावर जागा १,०८० चीच. उरलेले ३६० ठिपके यंत्र निमूटपणें छाटून टाकतें, अर्धे वरून व अर्धे खालून. म्हणजे चित्राचा चक्क चौथा हिस्सा गेला! कागदावर मोजलें, तर वरून पाऊण इंच आणि खालून पाऊण इंच. खालच्या पाऊण इंचांत अण्णांचें पळीपंचपात्र होतें. वरच्या पाऊण इंचांत आत्याचा चेहरा होता.

हें प्रमाण कोठून आलें, हेंहि पाहण्यासारखें आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाचे थोड्याथोड्या अवकाशानें एकेक चित्र घेऊन, तीं सारीं सलग फिरवून रोप डोळ्यांदेखत वाढतांना दाखविलें. स्थिर चित्रांची मालिका म्हणजेच चलच्चित्र, हा धडा महाराष्ट्रास तेव्हांपासून ठाऊक आहे. त्या मूकपटांच्या फितीवर एकेक चित्र २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच असे, म्हणजे ४ ला ३. जुने दूरचित्रवाणी संच बहुधा त्याच मापाचे होते. पुढें पडदा रुंदावला. पण आपल्या पेट्यांतील फोटो होते तसेच राहिले. नव्या वाड्यांत जुनी तसबीर टांगतांना आपण भिंत पाहून तसबीर करवतीनें कापीत नाहीं. पडद्याच्या बाबतींत मात्र तेंच बिनदिक्कत करतों.

पडदा आणि फोटो यांचें माप जुळत नसतां तीन मार्ग असतात. पहिला कापण्याचा, त्याचें फळ वर सांगितलें. दुसरा ताणण्याचा. यांत कोणी नाहींसें होत नाहीं, परंतु ४ ला ३ चा फोटो १६ ला ९ च्या चौकटींत ताणला, की प्रत्येक माणूस एकतृतीयांशानें रुंद होतो. आजोबा मल्ल दिसतात आणि आजीचा चेहरा ताटाएवढा! तिसरा मार्ग पूर्ण चित्र बसविण्याचा. उंची १,०८० धरली, तर आमच्या फोटोची रुंदी १,४४० झाली. दोन्ही बाजूंस २४० ठिपक्यांची मोकळी जागा राहिली. नातवाला ती ओकीबोकी वाटली. मीं म्हटलें, पोथीच्या पानालाहि समास असतो. त्यानें अक्षरांची शोभा वाढते, कमी होत नाहीं. तेथें गडद, शांत रंग भरला आणि चित्र उठून दिसूं लागलें. कोणी त्याच फोटोची मोठी, अंधुक केलेली प्रत मागें ठेवितात. तेंहि वाईट दिसत नाहीं. उभे फोटो असल्यास दोन शेजारीं शेजारीं ठेवावे. २ ला ३ मापाचा उभा फोटो १,०८० उंचीला ७२० रुंद होतो. दोन मिळून १,४४०. राहिलेल्या ४८० मध्यें १६० चे तीन सारखे समास पडतात. आईबाप किंवा भाऊबहीण अशीं जोडीनें मांडलीं, म्हणजे गणितहि सुटतें आणि अर्थहि साधतो.

फोटोची कड ही फुकट गेलेली जागा नव्हे, हें कळण्यासाठीं आपल्याच जिल्ह्यांतील चाळीसगांवचें उदाहरण पुरे आहे. रेल्वे स्टेशनाजवळच्या घरांत वर्षानुवर्षें एकांतांत राहून कलामहर्षि केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं जी छायाचित्रें काढलीं, त्यांत ‘टेबलटॉप’ प्रकारचीं चित्रें विशेष प्रसिद्ध आहेत. टेबलावर लहानसहान वस्तू मांडावयाच्या, त्यांवर हवा तसा प्रकाश टाकावयाचा, आणि पाहणाराला विस्तीर्ण देखाव्याचा भास व्हावा असें चित्र घ्यावयाचें. अशा चित्रांत सारें कसब चौकटींत असतें. बोटभर अलीकडे थांबलें तर देखावा अपुरा. बोटभर पलीकडे गेलें तर टेबलाची कड दिसून भास मोडला. आपल्या गल्लींतल्या साध्या फोटोवाल्यानेंहि काळ्या कापडाखालीं डोकें घालून असाच कांहीं विचार केलेला असतो. १९५२ सालच्या त्या अनामिक गृहस्थानें पुढच्या रांगा मोठ्या दिसाव्या म्हणून दार वगळलें असतें, तर त्याला कोणी बोल लावला नसता. त्यानें तें वगळलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, दाराशीं उभी असलेली व्यक्ति पूर्ण चित्रांत बोटाच्या पेराएवढी दिसणार. ती लोकांच्या ध्यानांत कशी यावी? त्यासाठीं कापण्याची गरज नाहीं; चित्रावरून दृष्टि सावकाश फिरवावी. १९५७ सालीं कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानें ‘सिटी ऑफ गोल्ड’ नांवाचा एक लघुपट काढला. सोन्याच्या शोधांत डॉसन गांवीं लोटलेल्या माणसांचे १८९८ च्या सुमाराचे फोटो त्यांत घेतले असून, कॅमेरा त्यांवरून हळूहळू सरकतो. अमेरिकेचे केन बर्न्स यांनीं १९९० सालच्या ‘द सिव्हिल वॉर’ या मालिकेंत हीच रीत इतकी लोकप्रिय केली, की संगणकावर ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. आधीं समग्र चित्र, मग एक चेहरा. आपल्या कीर्तनकारांनाहि पूर्वरंग व उत्तररंग यांचा क्रम ठाऊक आहेच.

मात्र जवळ जावयाचें तर चित्रांत तितका ऐवज हवा. आमचा ८ इंची फोटो स्कॅनरवर इंचास ३०० ठिपके या हिशेबानें घेतला होता, म्हणजे रुंदी २,४००. पूर्ण दाखवावयास ती पुरेशी. पण अडीचपट जवळ गेल्यावर ९६० च ठिपके उरतात आणि चेहरा पिठूळ दिसतो. इंचास ६०० घेतल्यावर रुंदी ४,८०० झाली; तिला अडीचनें भागलें कीं बरोबर १,९२० येतात. तेव्हां ज्या फोटोंत जवळ जावयाचें आहे ते आधींच अधिक ठिपक्यांनीं घ्यावे. उलट मोबाईलचे अवजड फोटो सरसकट तसेच घातले, तर संगणक अडखळतो. जेथें जवळ जावयाचें नाहीं, तेथें प्रत लहान करून घ्यावी.

लहान करावयाची ती प्रत, मूळ नव्हे. धुळ्याच्या मंडळींना हें निराळें सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचे २२ खंड काढले. दफ्तरें धुंडाळून जे कागद मिळाले ते अभ्यासकांपुढें ठेवले. १९२६ सालीं धुळ्यासच त्यांचा देह पडला, आणि दुसऱ्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहून त्यांचा संग्रह जपला गेला. मूळ कागद हाताशीं असला, म्हणजे उद्यां दुसरा कोणी येऊन आपली चूक सुधारूं शकतो. घरच्या फोटोंसहि हाच न्याय लावावा. मूळ स्कॅन एका निराळ्या जागीं ठेवून त्याला हात लावूं नये. कापणें, उजळविणें, लहान करणें तें सारें नकलेवर. फाईलीच्या नांवांत आधीं साल व मग प्रसंग घालावा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. नातलगांकडून फोटो मागवितांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावयास सांगावें. फोटो म्हणून पाठविल्यास वाटेंतच त्याचे ठिपके कमी होतात. कांचेला चिकटलेला फोटो ओढून काढूं नये; कांचेवरूनच, तिरप्या उजेडांत, चकाकी टाळून त्याची प्रत घ्यावी.

आणखी एक सावधगिरी. आत्याचा चेहरा अंधुक आहे असें पाहून नातवानें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाकडून तो स्पष्ट करून आणला. डोळे पाणीदार झाले, गालांवर तजेला आला. अण्णांनीं पाहिलें आणि मान हालविली: “बाई चांगली आहे, पण ही आमची आत्या नव्हे.” त्या साधनानें आत्याला कधीं पाहिलेलें नाहीं, असंख्य परक्या चेहऱ्यांवरून तें अदमासानें नाकडोळे भरतें. फोटोवरचा ओरखडा पुसावा, डाग काढावा. परंतु जें मूळांत नाहीं तें भरूं नये. आम्हीं तो अंधुक चेहराच ठेवला.

समारंभाच्या आदल्या दिवशीं कार्यालयांत जाऊन प्रोजेक्टर लावून पाहिला, तेंहि बरें झालें. तो जुन्या ४ ला ३ मापाचा निघाला, आणि त्यावर सारीं माणसें बांबूसारखीं उंच व किडकिडीत दिसत होतीं. ताणण्याची कळ बंद केली. वर-खालीं काळ्या पट्ट्या आल्या, पण माणसें माणसांसारखीं दिसूं लागलीं.

दुसऱ्या दिवशीं मुंजीचा फोटो पडद्यावर आला. चार-पांच सेकंद सर्व मंडळी एकत्र दिसली. मग चित्र हळूहळू दाराकडे सरकलें आणि चौकटींत उभी असलेली आत्या मोठी होत गेली. तिच्यासाठीं आम्हीं दहा सेकंद ठेवले होते. सभागृहांत बोलणें थांबलें. अण्णांच्या मांडीवर बसलेल्या चार वर्षांच्या पणतीनें मोठ्यानें विचारलें, “पणजोबा, ही कोण?”

चित्रफीत पुढें चालू राहिली. पण अण्णांचें तिकडे लक्ष नव्हतें. ते त्या मुलीला आत्याची गोष्ट सांगत होते. पानें वाढलीं गेलीं तरी ती संपली नव्हती.