तोडलेल्या उसातील साखर कोठे जाते?

ऊस तोडून दोन दिवस फडात पडला की गूळ मऊ होतो, रवा नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाघळतो, हा गुऱ्हाळमालकांचा नेहमीचा अनुभव आहे. यामागे शाळेच्या रसायनशास्त्रातील एक साधी अभिक्रिया आहे :

सुक्रोज + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज

सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर. तिचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूबरोबर फुटून दोन वेगळ्या साखरांचे एकेक रेणू तयार होतात. रेणू एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून आंबे डझनाने मोजावेत तसे ते ‘मोल’ने मोजतात. एका मोलमध्ये सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात. सुक्रोजचा एक मोल ३४२ ग्रॅम, पाण्याचा १८ ग्रॅम, तर ग्लुकोज व फ्रुक्टोजचा प्रत्येकी १८० ग्रॅम भरतो. ३४२ अधिक १८ म्हणजे ३६०, आणि १८० अधिक १८० म्हणजेही ३६०. समीकरण तंतोतंत जुळते.

आता मोळीतील ३ किलो ४२० ग्रॅम साखर, म्हणजे १० मोल, फुटली असे धरू. ती १८० ग्रॅम पाणी घेते आणि ३ किलो ६०० ग्रॅम विघटित साखर तयार होते. नुकसान झाले तरी साखरांचे वजन उलट वाढलेच! म्हणून हा तोटा काट्यावर दिसत नाही. मात्र विघटित साखर, विशेषतः फ्रुक्टोज, हवेतील ओलावा ओढते व गुळात दाणा धरू देत नाही. काकवीसाठी हे चालेल, रव्यासाठी नाही.

ही अभिक्रिया किती वेगाने होते, हा खरा कळीचा प्रश्न आहे. विशेष म्हणजे रासायनिक अभिक्रियेचा वेग मोजून गणितात मांडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न याच साखरेवर झाला. १८५० मध्ये जर्मनीतील विल्हेल्मी यांनी आम्लातील उसाच्या साखरेचे विघटन मोजले आणि शिल्लक साखर जितकी जास्त तितका वेग जास्त, असे दाखविले.

तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर हे काम करते. उन्हात तापलेल्या मोळ्यांत त्याला जोर येतो. म्हणून तोडणीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत गाळप करावे आणि मोळ्या सावलीत, पाचटाखाली झाकून ठेवाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये तर जेवढा ऊस त्या दिवशी गाळता येईल तेवढाच तोडावा.

काहिलीत विकर उष्णतेने नष्ट होते, पण तेथे आम्ल असते. ताज्या रसाचा सामू सुमारे ५.२ ते ५.५ असतो. आम्लामुळे होणारे विघटन २५ वरून ३५ अंश सेल्सिअसला सुमारे चौपट होते, आणि उकळत्या रसात २५ अंशांच्या तुलनेत हजारो पट! येथे चुन्याची निवळी उपयोगी पडते. सामू एक अंकाने वाढला की आम्लता दहापट घटते व विघटनाचा वेगही जवळपास तितकाच उतरतो. म्हणजे सामू ५.४ वरून ६.४ वर नेला तर साखर फुटण्याचा वेग दहाव्या हिश्शावर येतो. शिवाय चुना व रसातील फॉस्फेट यांचा साका बनून मळी वर येते, तीही लगेच काढता येते.

चुना अधिक पडला तर मात्र ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत बिघडून गूळ काळा पडतो. मग काही जण रंग उजळण्यासाठी हायड्रॉस टाकतात. त्याने फुटलेली साखर परत जुळत नाही आणि साठवणीत रंग पुन्हा गडद होतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाला हे शोभणारे नाही. निवळी थोडी थोडी घालावी व प्रत्येक वेळी रस ढवळून सामू-कागदाने तपासावा. सामू ६ च्या थोडा वर गेला की थांबावे. कागद स्वस्त असतो आणि एका काहिलीला दोन-तीन पट्ट्या पुरतात.